तारेआधी ब्रश

दात सरळ करण्याचा उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतो. या काळात डॉक्टरांची गाठ चार ते सहा आठवड्यांतून एकदा पडते, तीही थोड्या वेळासाठी. तार डॉक्टर बसवतात. पण तिच्यासह जेवायचे, झोपायचे आणि ती स्वच्छ ठेवायची, हे काम घरचे. अमरावतीत राहणाऱ्या मुलाची वायर टोचली, तर संध्याकाळपर्यंत दवाखाना गाठता येतो. मेळघाटातल्या चिखलदऱ्याच्या मुलाला आधी परतवाड्यापर्यंतचा सुमारे ३० किलोमीटरचा घाट उतरावा लागतो आणि तज्ज्ञ गाठायचा, तर बहुधा अमरावतीपर्यंत जावे लागते. पावसाळ्यात धुके दाटले की हाच प्रवास आणखी लांबतो. म्हणून दातांच्या तारा आणि त्यांची स्वच्छता हा प्रश्न डोंगरावरच्या घरासाठी अधिक गंभीर आहे. या विषयावर शास्त्राने काय दाखवले, बाजारात काय मिळते, आपल्या ताटात काय असते आणि मेळघाटात नेमके काय अडते, हे इथे एकत्र पाहू.

थर कुठे साचतो

एडवर्ड अँगल या अमेरिकी दंतवैद्याने १८९९ मध्ये वाकड्या दातांचे वर्गीकरण मांडले. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सची, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेची, उभारणी त्यावर झाली. भारतात या शाखेच्या तज्ज्ञांची संघटना, इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी, १९६५ मध्ये स्थापन झाली. त्या काळी तार बसवायची, तर प्रत्येक दाताभोवती पोलादी पट्टी घालून ती सिमेंटने बसवावी लागे. मायकेल बुओनोकोर या संशोधकाने मात्र त्याआधीच, १९५५ मध्ये, एक शोध जाहीर केला होता. दाताचे कवच सौम्य प्रमाणात आम्लाने खरबरीत केले, तर त्यावर राळ घट्ट धरते, असे त्यांना आढळले होते. पुढच्या दोन दशकांत पट्ट्या मागे पडल्या आणि दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवलेले छोटे ब्रॅकेट आले. आज आपण ज्याला ‘क्लिप’ किंवा ‘तार’ म्हणतो, ते हेच.

ब्रॅकेट आल्याने बराचसा दात उघडा राहू लागला. पण अडचणीच्या जागाही वाढल्या. ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधली अरुंद पट्टी, दोन ब्रॅकेटमधला तारेखालचा बोळ, ब्रॅकेटच्या पंखांमागचे खाचे आणि ब्रॅकेटला गुंडाळलेली रबरे या सगळ्या ठिकाणी अन्नाचे कण अडकतात आणि जिवाणूंचा चिकट थर बसतो. एरवी जीभ, गाल आणि लाळ दात थोडेफार धूत असतात. तार आली की ती वाट अडते. तारेमुळे तोंडात जिवाणू नव्याने येत नाहीत. त्यांना बसायला जागा मिळते.

नुकसान किती लवकर होते

आपण गोड काही खाल्ले की थरातले जिवाणू त्याचे आम्ल करतात. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात मोजून दाखवले की, साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच थरातली आम्लता वाढते आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. सामू (पीएच) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. लाळ ते परत भरून काढते, पण तिला तेवढा वेळ मिळाला तरच. दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा आणि त्यासोबत बिस्किट घेणाऱ्याच्या लाळेला हा वेळ मिळत नाही.

तार असलेल्या तोंडात या झिजेचे पहिले चिन्ह म्हणजे ब्रॅकेटच्या कडेने उमटलेला खडूसारखा पांढरा डाग. गोरेलिक आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तारांचा उपचार घेतलेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत निदान एका दातावर असा डाग सापडला. वरच्या दोन मोठ्या पुढच्या दातांच्या शेजारचे दात सर्वाधिक बाधित होते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिथे लाळ सतत खेळते, तिथे मात्र असे डाग आढळले नाहीत. १९८० च्या दशकातल्याच दुसऱ्या अभ्यासांनी दाखवले की, थर साचू दिला, तर ही झीज चार आठवड्यांत दिसू लागते. चार आठवडे म्हणजे डॉक्टरांच्या दोन भेटींमधले अंतर. पुढच्या भेटीत डॉक्टर पाहतीलच, असे म्हणून थांबलेल्या घरात डाग आधीच उमटलेला असतो.

हिरड्यांचे गणित थोडे दिलासादायक आहे. डेन्मार्कमधल्या आऱ्हूस येथे हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना दात घासणे थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या; घासणे पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात त्या बऱ्या झाल्या. म्हणजे घासताना हिरडीतून रक्त आले, तर घाबरून ब्रश ठेवून द्यायचा नसतो. तिथेच मऊ ब्रशने अधिक नीट घासायचे असते. हिरडी माफ करते. कवचावरचा डाग मात्र सहसा पूर्ण जात नाही.

ब्रश, बारीक ब्रश आणि महागडी यंत्रे

मऊ केसांचा, छोट्या डोक्याचा साधा ब्रश हे आजही मुख्य साधन आहे. तार असताना घासण्याची पद्धत मात्र बदलावी लागते. आधी ब्रश हिरडीकडे तिरपा धरून हिरडीची कड घासायची. मग ब्रॅकेटच्या वरच्या बाजूने ब्रश खाली झुकवून, नंतर खालच्या बाजूने वर झुकवून, प्रत्येक दातावर थोडे थांबून घासायचे. त्यानंतर चावण्याची बाजू आणि आतली बाजू. एरवी दोन मिनिटे पुरतात. तार असताना चार-पाच मिनिटे लागतात. ब्रॅकेटवर घासून ब्रशचे केस लवकर पिंजारतात, म्हणून तीन महिन्यांची वाट न पाहता तो बदलावा.

साधा ब्रश तारेखाली पोहोचत नाही. तिथे इंटरडेंटल ब्रश लागतो. बाटली धुण्याच्या ब्रशाची बोटभर लांबीची बारीक प्रतिकृती म्हणजे हा ब्रश. दोन ब्रॅकेटच्या मधून तो एकदा वरून आणि एकदा खालून घालायचा. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात, असा ब्रश जोडीला वापरल्याने केवळ घासण्यापेक्षा हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, असा निष्कर्ष निघाला. पुरावा फार भक्कम नाही, हेही त्यात नोंदवले आहे. धाग्याचा फ्लॉस तारेखालून ओवावा लागतो आणि शाळेच्या घाईत तो बहुतेक मुले सोडून देतात. दोन दात अगदी चिकटून असतील तिथे तो हवा. बाकी ठिकाणी बारीक ब्रश मुलांना जमतो, आणि जे रोज जमते ते उपयोगी.

विजेवर चालणाऱ्या ब्रशाबद्दल सर्वसाधारण लोकांवरचा मोठा आढावा २०१४ मध्ये आला. साध्या ब्रशापेक्षा तो थर थोडा अधिक काढतो, असे त्यात दिसले. तार असलेल्यांमध्ये हा फरक तितका ठाम दिसलेला नाही. पाण्याचा फवारा मारणारा वॉटर फ्लॉसर अडकलेले कण उडवतो, पण चिकटलेला थर काढायला घासावेच लागते. ज्या पालकांना ही यंत्रे परवडत नाहीत, त्यांनी मुलाचे काही हुकले असे अजिबात मानू नये. साधा ब्रश, बारीक ब्रश, एक हातातला आरसा आणि चांगला उजेड यांत काम होते. आरसा आणि उजेड यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. अंधाऱ्या मोरीत, झोपेत, अंदाजाने फिरवलेला ब्रश ब्रॅकेटवरून घसरतो आणि हिरडीची कड तशीच राहते.

क्लोरहेक्सिडीनच्या औषधी चुळा हिरड्या सुजल्या असताना डॉक्टर सांगतात. त्या दोन आठवड्यांच्या आसपास वापरायच्या असतात; लांबवल्या तर दातांवर तपकिरी डाग पडतात. ब्रश केल्यावर लगेच ही चूळ भरली, तर पेस्टमधल्या फेसाच्या घटकामुळे तिचा गुण कमी होतो. म्हणून मध्ये अर्धा तास तरी जाऊ द्यावा.

फ्लोराइड: सर्वात स्वस्त ढाल

घासण्याने थर निघतो. कवचाला परत भक्कम करायला फ्लोराइड मदत करते. भारतात टूथपेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड ठेवण्याची मर्यादा आहे, आणि पेस्टच्या नळीवर तसे छापलेले असते. तार असलेल्या मुलाच्या पेस्टवर ‘फ्लोराइड’ हा शब्द शोधावा. अनेक वनस्पतीजन्य पेस्टमध्ये आणि बहुतेक दंतमंजनांत फ्लोराइड नसते. त्यांचा वास आणि चव चांगली असली, तरी तारेच्या काळात ती पुरेशी नाहीत.

याउपर दवाखान्यात लावायचे फ्लोराइड किती उपयोगी, यावर कॉक्रेनचा आढावा २०१३ मध्ये आला. दर सहा आठवड्यांनी फ्लोराइडचा लेप (व्हार्निश) लावल्याने डाग बरेच कमी होतात, असे तेव्हा दिसले. २०१९ मध्ये आणखी चाचण्या घेऊन तोच आढावा पुन्हा झाला, तेव्हा ही खात्री टिकली नाही. डॉक्टरांनी दर सहा-आठ आठवड्यांनी लावायचा तीव्र फ्लोराइडचा फेस आणि ५००० पीपीएमची पेस्ट यांचा उपयोग होऊ शकतो, एवढेच त्यात म्हटले आहे, आणि तेही कमी खात्रीने. म्हणून ज्याच्या दातांना आधीच कीड आहे, त्याला डॉक्टर असा जादा उपाय सुचवतील. पण त्याच्या भरवशावर रोजचे घासणे सुटता कामा नये.

विदर्भात फ्लोराइडची दुसरी बाजूही आहे. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात ते जास्त आहे, आणि तिथल्या मुलांच्या दातांवर जन्मापासूनच्या पाण्यामुळे पांढरे-पिवळे पट्टे असतात. अशा मुलाला तार लावण्याआधी दातांचे फोटो काढून ठेवणे गरजेचे आहे. नाहीतर तार काढल्यावर दिसणारा डाग पाण्याचा की दुर्लक्षाचा, हे कळत नाही आणि मुलाला विनाकारण बोलणी बसतात. पेस्ट थुंकून टाकायची असते. त्यामुळे जास्त फ्लोराइडच्या गावातही समजत्या वयाच्या मुलाने पेस्ट सोडण्याचे कारण नाही. तिथे बदलायला हवे ते पिण्याचे पाणी.

वऱ्हाडी ताट आणि तार

तार लावली की पहिली यादी मिळते ती वर्ज्य पदार्थांची. शहरी यादीत पिझ्झा आणि च्युइंगगम असते. आपल्याकडे यादी वेगळी हवी. चिखलदऱ्यात पावसाळ्यात रस्त्याकडेला भाजलेले मक्याचे कणीस मिळते. ते दातांनी ओरबाडले की ब्रॅकेट निघते. दाणे सुरीने काढून खाल्ले तर हरकत नाही. फुटाणे, खारे शेंगदाणे, ऊस, कडक चिक्की, सुपारी, कच्चा आवळा, पेरू या सर्वांना हाच नियम: कठीण पदार्थ पुढच्या दातांनी तोडायचा नाही, बारीक तुकडे करून दाढेने चावायचा, आणि जो तसाही मोडत नाही तो तेवढी दोन वर्षे टाळायचा.

ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून सहज जाते. वांग्याचे भरीत, पाटवडीचा रस्सा, भिजवलेला रोडगा यांनीही तारेला धोका नाही. अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरूडची संत्री अवश्य खावीत. त्यांचे धागे तारेत अडकतात, म्हणून नंतर पाण्याने चूळ भरावी. संत्रे आंबट असल्याने लगेच ब्रश करू नये, अर्धा तास थांबावे.

खरा शत्रू चिकट गोड आहे: तिळाची वडी, गुळाचा पाक, टॉफी, चहात बुडवलेले बिस्किट. गोड पूर्ण बंद करा, असे सांगणे मुलाला खोटे बोलायला शिकवते. ते जेवणासोबत खायचे, मधल्या वेळी नाही, हा नियम पाळता येतो. चिखलदऱ्याची रबडी खायची तर ती जेवणानंतर खावी, मग चूळ भरावी. दिवसभरात किती साखर खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली, याला महत्त्व आहे. आणि रात्रीचा ब्रश झाल्यावर पाण्याशिवाय काही नाही, कारण झोपेत लाळ कमी होते.

दातवण, राखुंडी, खर्रा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिवसातून दोनदा दात घासण्याचा उपदेश आहे, आणि करंज, अर्क, अर्जुन, असन अशा झाडांच्या काड्यांची नावेही आहेत. ही परंपरा आदराने सांगण्यासारखी आहे. दोनदा घासण्याचा तिचा आग्रह तर आजही शब्दशः खरा आहे. पण कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी ब्रॅकेटच्या मागे आणि तारेखाली पोहोचत नाही, आणि तिचे कठीण टोक ब्रॅकेट हलवू शकते. आजीने प्रेमाने दिलेली राखुंडी किंवा मीठ-कोळशाची पूड दात झिजवते, तिचे कण खाचांत बसतात आणि त्यात फ्लोराइड नसते. तारेच्या काळात ही साधने बाजूला ठेवावीत, एवढे आजीला सांगितले, तर ती समजून घेते.

खर्ऱ्याबाबत मात्र असा मऊपणा नको. महाराष्ट्रात २० जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा विदर्भातल्या किशोरांपर्यंत पोहोचतो. सुपारीने ब्रॅकेट तुटते, थर लाल-काळा होतो, हिरड्या जळतात. हे नुकसान त्यातल्या त्यात लहान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे ठरवले आहे. दर महिन्याला तोंड उघडून दाखवणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे व्यसन लवकर ओळखता येते. तार बसवणाऱ्या डॉक्टरांनी ही संधी वापरली पाहिजे.

मेळघाटात काय अडते

चिखलदरा आणि धारणी या दोन तालुक्यांचा मेळघाट कुपोषणामुळे देशाला माहीत झाला. जिथे बाळाचे वजन हा रोजचा प्रश्न आहे, तिथे तारांची चर्चा चैनीची वाटू शकते. तशी ती नाही. ओठ-टाळू दुभंगलेल्या मुलाला शस्त्रक्रियेनंतर तारांची गरज पडते. पुढे आलेले दात पडल्यावर सहज मोडतात. आणि वाकड्या दातांवरून चिडवली गेलेली मुलगी वर्गात हात तोंडावर ठेवून बोलते, हेही दुखणेच आहे. इथल्या नोकरदार, दुकानदार, हॉटेलवाल्या घरांतली मुले आता तारा लावतात. उद्या कोरकू आदिवासी घरांतलीही लावतील.

पहिली अडचण पाण्याची. चिखलदरा तालुक्यातल्या खडीमलसारख्या गावांना उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहावे लागते. इथे शास्त्र आपल्या बाजूने आहे. ब्रश केल्यावर फेस थुंकून टाकावा आणि भरपूर पाण्याने खळखळून चूळ भरू नये, असेच आज सांगितले जाते, कारण त्याने दातांवर राहिलेले फ्लोराइड धुऊन जाते. जेवणानंतरची चूळ आणि ब्रश भिजवणे याला अर्धा पेला पाणी पुरते. तार स्वच्छ ठेवायला नळ लागतोच असे नाही.

दुसरी अडचण अंतराची. अमरावतीत विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय आहे, अकोल्याजवळ कान्हेरी सरप येथे एक आहे आणि नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. शिकवणाऱ्या रुग्णालयांत खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो, पण दर महिन्याचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि शाळेची रजा हा खर्च कुठल्याच पावतीवर नसतो. म्हणून तार लावतानाच विचारून घ्यावे: ब्रॅकेट सुटले तर काय करायचे? उत्तर साधे आहे. ते तारेवर लोंबत असेल, तर ओढायचे नाही. हातात आले, तर डबीत जपून ठेवायचे. टोचणाऱ्या टोकावर दवाखान्यातून मिळालेले मेण लावायचे. फोटो काढून डॉक्टरांना पाठवायचा आणि ते म्हणतील तेव्हाच घाट उतरायचा. इटलीत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किशोर रुग्णांचा व्हॉट्सॲपवर गट केला होता. त्यात मुले आपल्या दातांचे फोटो टाकत. वर्षभरात या मुलांची स्वच्छता इतरांपेक्षा चांगली राहिली. जिथे नेटवर्क मिळते तिथे हा उपाय वऱ्हाडातल्या कुठल्याही दवाखान्याला फुकट करता येईल.

तिसरी अडचण निवासी शाळांची. मेळघाटातली कितीतरी मुले आश्रमशाळांत राहतात. तिथे आई नाही, सकाळी रांग असते, आरसा क्वचित. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्यात शाळकरी मुलांची तपासणी होते आणि दातांचे आजारही पाहिले जातात. या पथकाने कीड शोधण्यासोबत मुख्याध्यापकांना तीन गोष्टी सांगाव्यात: हात धुण्याच्या ओट्यावर एक मोठा आरसा, रात्रीच्या जेवणानंतर घासण्याची ठरलेली वेळ, आणि प्रत्येक मुलाचा नाव लिहिलेला वेगळा ब्रश. याचा लाभ तार असलेल्या एकट्या मुलाला नाही, सगळ्या वसतिगृहाला होईल.

तार कधी लावू नये

भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १२ वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्क्यांच्या दातांना कीड आढळली होती. तार लावण्याचे नेहमीचे वय हेच. म्हणजे बरीच मुले तार लावायला येतात ती घासण्याची सवय नीट न बसलेल्या तोंडाने. त्यांच्या दातांवर ब्रॅकेट चिकटवणे म्हणजे धोका चिकटवणे होय.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: आधी ब्रश बसू द्या, मग तार. पहिल्या भेटीत कीड भरून, किटण काढून, घासण्याची पद्धत हातात हात धरून शिकवावी आणि महिनाभराने पुन्हा बोलवावे. हिरड्यांतून रक्त थांबले असेल, तर तार. नसेल, तर आणखी महिना. दात सरळ करण्याची घाई बहुतेक वेळा नसते. घाट चढून-उतरून येणाऱ्या पालकांना ही जादा फेरी जड वाटेल, पण तीच पुढच्या अनेक फेऱ्या वाचवते. उपचार सुरू झाल्यावरही स्वच्छता ढासळली, तर तार वेळेआधी काढण्याचा निर्णय डॉक्टरांनी निःसंकोच घ्यावा आणि पालकांनी तो अपमान मानू नये. थोडे वाकडे पण निरोगी दात सरळ पण डागाळलेल्या दातांपेक्षा केव्हाही बरे.

मुलाचे वयही ध्यानात ठेवू या. बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडून दोन वर्षे रोज, एकट्याने, पाच मिनिटे आरशासमोर उभे राहण्याची अपेक्षा करायची आणि चुकला की रागवायचे, हे न्यायाचे नाही. रात्री आईने किंवा बाबांनी टॉर्चच्या उजेडात एकदा दात पाहावेत, हिरडीजवळ पिवळसर थर दिसला तर तिथेच पुन्हा घासायला लावावे. ज्या घरात हे होते त्या घरातले मूल अमरावतीपासून कितीही दूर असो, त्याची तार सुरक्षित आहे. आणि ज्या दवाखान्याने पालकांना हे शिकवले त्याने आपले अर्धे काम पहिल्याच भेटीत केले, असे म्हणता येईल.